आठ वाटे

“आणि पाहुण्यांची गाडी?” हत्तरगी सरांनी विचारलं.

दीड तासाच्या सभेत त्यांनी तोंड उघडलं ते एवढ्यासाठी. मी खडू घेऊन फळ्यापाशी उभा होतो. फळ्यावर आठ कॉलेजांची नावं होती आणि प्रत्येक नावासमोर मी काढलेला आकडा. आठवडाभर खपून मी ते आकडे काढले होते आणि ते मला फार आवडले होते, हे आधीच सांगून टाकतो. कॉमर्सच्या प्राध्यापकाला आयुष्यात मिरवायचे प्रसंग कमीच येतात.

“गाडी आता ज्याची त्याची,” मी म्हणालो.

“आणि जेवण?”

“तेही.”

“बरं,” ते म्हणाले.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आमची आठ कॉलेजांची फुटबॉल साखळी होती. कोल्हापुरातली तीन, इचलकरंजी-गडहिंग्लजकडची मिळून चार, आणि सगळ्यात लांबचं, आंबोलीच्या अंगाला असलेलं आंबेखोलचं कॉलेज. हत्तरगी सर तिथले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. पन्नाशी उलटलेले, बुटके, गळ्यात कायम शिट्टी. सभेलाही शिट्टी घालूनच येत. मी आमच्या कॉलेजचा प्रतिनिधी आणि साखळीचा खजिनदार. मी जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. आकडे येतात म्हणून मला घेतलं होतं.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कॉलेजच्या पोरांचा सामनासुद्धा लोक दहा रुपयांचं तिकीट काढून बघत. सामना संपला की यजमान कॉलेजच्या जिमखान्यात गेटचा, म्हणजे तिकिटांच्या पैशांचा, डबा उघडायचा. त्यातून पहिला खर्च पाहुण्या संघाच्या गाडीचा आणि जेवणाचा. तो बाजूला ठेवल्याशिवाय उरलेल्या नोटांना हात लावायचा नाही, अशी रीत होती. बाकीचं सगळं साखळीच्या खात्यात जायचं आणि मार्चमध्ये त्याचे आठ सारखे वाटे व्हायचे. आमच्या मैदानावर बाराशे माणूस यायचं, आंबेखोलला तीनशे. तरी वाटा सारखाच. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती, ती नुसतीच चालत आलेली होती. वर्षाला ऐंशी हजार जमत, प्रत्येकाला दहा हजार मिळत. तेवढ्यात बूट, चेंडू आणि पोरांचं दूध भागायचं.

मग सरनाईक आला. शहरात त्याचं केबल चॅनेल होतं. सामने थेट दाखवायचे त्याने दोन लाख चाळीस हजार देऊ केले. त्याची अट एकच होती. ठरलेला सामना ठरलेल्या वेळी झालाच पाहिजे, कारण जाहिराती आधी घेतलेल्या असणार.

म्हणजे एकूण तीन लाख वीस हजार. आमचे प्राचार्य इंगवले यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“बोंद्रे, चॅनेलवाला कुणाला बघून आलाय?”

“आपल्याला, सर.”

“मग आंबेखोलला चाळीस हजार कशासाठी? बसवा काहीतरी गणित.”

मी गणित बसवलं. गेट ज्याच्या मैदानावर जमेल त्याचं, पण हाती मार्चमध्येच. चॅनेलचे पैसे, कुणाचे किती सामने दाखवले त्या प्रमाणात. आमच्या वाट्याला एक लाख तीस हजार आले. मधल्या पाच कॉलेजांना प्रत्येकी चौतीस हजार. शेवटच्या दोघांपैकी एकाला बारा आणि आंबेखोलला आठ.

आता यातली माझी हुशारी सांगतो. फळ्यावर मी दोनच रकाने काढले होते. एक गेल्या वर्षीचा, दुसरा यंदाचा. मधल्या पाचांना दहाचे चौतीस होताना दिसत होते. सगळ्या रकमेचे सारखे आठ वाटे केले तर चाळीस येतात, हा तिसरा रकाना मी काढलाच नाही. ज्यांनी मनातल्या मनात काढला असेल त्यांच्यासाठी इंगवले सरांनी सभेत हसत हसत एक वाक्य टाकलं. “आम्ही साखळीत राहिलो तर चॅनेल राहणार, एवढं लक्षात असू द्या.” मग कुणी काही विचारलं नाही.

त्याच कागदावर सरनाईकच्या अटीसाठी एक कलम मी घातलं. जो संघ हंगामात दोनदा गैरहजर राहील तो साखळीतून बाद. मैदानावर सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर तेही गैरहजरच धरायचं. सहा विरुद्ध दोन मतांनी सगळं पास झालं.

बाहेर पडताना हत्तरगी सर माझ्याशेजारून चालत होते. मला वाटलं, आता भांडणार.

“बोंद्रे, मला आठ हजार मार्चमध्ये मिळणार न्हवं?”

“हो, हंगाम संपल्यावर.”

“बाहेरचे सामने चार. एका खेपेला गाडी अडीच हजार मागत्यात. दहा हजार झाले.” ते थांबले. “आमचे प्राचार्य म्हणालेत, फुटबॉलला कॉलेजचा एक पैसा मिळणार न्हाई. तुमच्या साखळीवर चालवा न्हाईतर बंद करा. त्यांना त्या मैदानात इमारत बांधायची हाय.”

“मग काय करणार?”

“येणार की. आलो न्हाई तर संपलंच.”

मी खांदे उडवले. त्या वेळी ते मला अगदी व्यवहारी वाटलं.

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला. आंबेखोलने घरचे सामने खेळले, जवळचा एक सामना पोरं एसटीने जाऊन खेळली. इचलकरंजीला मात्र ती आली नाहीत. जीपवाल्याने आधी पैसे मागितले आणि सरांकडे ते नव्हते, असं नंतर कळलं. मी वहीत लिहिलं, आंबेखोल, गैरहजर, एक. त्यांचा पुढचा सामना डिसेंबरात, आमच्या मैदानावर, रविवारी चार वाजता. थेट प्रक्षेपण. त्या रविवारी ते आले नाहीत तर आंबेखोल बाद होणार, हे साखळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सरनाईकने तर तेवढ्यावर जाहिरात केली, येणार की नाही येणार.

तीन वाजल्यापासून मैदान भरत होतं. गेटजवळच्या खोलीत मी तिकिटांच्या बुकांचा हिशेब लावत बसलो होतो. पावणेचारला फाटकातून एक ट्रक आत आला. काजूच्या पोत्यांचा ट्रक, वर ताडपत्री. ताडपत्री बाजूला झाली आणि पोत्यांवरून पोरं खाली उतरू लागली. मी मोजली. नऊ. शेवटी केबिनमधून हत्तरगी सर उतरले.

“बाकीचे?” मी विचारलं.

“एसटीनं निघालेत. ती गारगोटीच्या अलीकडं बंद पडली म्हणे. नऊ चालत्यात न्हवं तुमच्या नियमात?”

“सातपर्यंत चालतात.”

“मग झालं तर.”

पोरांनी ट्रकच्या आडोशाला कपडे बदलले आणि ती मैदानात गेली. आमचे अकरा, त्यांचे नऊ. पब्लिक आधी हसलं, नंतर टाळ्या वाजवू लागलं, कारण नऊ जण जीव तोडून खेळत होते. त्यांचा बचाव एक उंच, हडकुळा पोरगा सांभाळत होता. ऑल्विन बारदेसकर त्याचं नाव. आमचे फॉरवर्ड गेले की हा आडवा. हाफ टाइमला आम्ही फक्त दोन गोलांनी पुढे होतो.

हाफ टाइमला हत्तरगी सर माझ्या खोलीत आले. टेबलावर डबा उघडा होता. मी शंभराच्या नोटा वेगळ्या करत होतो. साखळीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं गेट होतं ते, बेचाळीस हजार.

“बोंद्रे, पोरांना चहा आणि पाव मिळंल काय? ट्रक सकाळी सातला निघालाय. वाटेत तीन ठिकाणी माल उतरवला. पोटात काय न्हाई त्यांच्या.”

“सर, पाहुण्यांचा खर्च आता गेटमधून निघत नाही. तुम्ही सभेला होता.”

“व्हतो.”

“पावती कुठल्या खात्यावर टाकू मी?”

त्यांनी डब्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं. रागानेही नाही. एखादं दुकान बंद दिसल्यावर माणूस बघतो तसं.

“बरं,” म्हणाले आणि गेले.

माझ्या खिशात स्वतःचे दोनशे रुपये होते. हे नक्की आठवतं, कारण त्याच पैशांतून घरी जाताना मी भडंग घेतलं. ते पैसे काढून द्यावेत असं मला सुचलंच नाही. मी कंजूष नव्हतो. मी माझ्या कागदावर इतका खूश होतो, की त्याच्याबाहेरचं काही दिसतच नव्हतं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

दुसरा भाग सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला त्यांचा एक खेळाडू पोटरी धरून आडवा झाला. गोळा आला होता. त्याला दोघांनी उचलून बाहेर नेलं. आठ उरले. थोड्या वेळाने दोन डोकी एकमेकांवर आपटली. आमचा पोरगा उठला, त्यांच्या पोराच्या कपाळातून रक्त येत होतं. तोही बाहेर. सात.

आता मी खोलीतून उठून मैदानाच्या कडेला आलो होतो. माझ्याशेजारी सरनाईक उभा होता.

“बोंद्रे सर, अजून एक गेला तर?”

“सामना थांबेल. दुसरी गैरहजेरी. ते बाद.”

“माझ्या शेवटच्या वीस मिनिटांच्या जाहिराती?”

मैदानात बारदेसकर पडला होता.

कुणी पाडलं नव्हतं. चेंडू अडवायला म्हणून वळला आणि पाऊल घोट्यातून आत मुडपलं. उठायला गेला, टेकलं, पुन्हा बसला. रेफरी धावत गेला. दोघांचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण बारदेसकर मान हलवत नाही म्हणत होता, ते सगळ्या मैदानाने बघितलं. तो उठला नाही आणि बाहेरही गेला नाही. रांगत रांगत स्वतःच्या गोलजवळच्या रेषेपर्यंत आला आणि रेषेच्या आत बसून राहिला. बूट काढला नाही. काढला असता तर पुन्हा चढला नसता.

रेफरीने घड्याळ बघितलं आणि शिट्टी वाजवली. खेळ पुढे सुरू.

सगळ्यांना कळायला मिनिटभर लागलं. मग आमचा कॅप्टन उदय साळोखे याने चेंडू थांबवला आणि मागे दिला. मागच्याने आणखी मागे दिला. आमची पोरं आपल्याच अर्ध्या भागात चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिली. समोर सहा दमलेले खेळाडू आणि एक बसलेला. चार पावलं टाकली असती तर गोल होता. कुणी टाकली नाहीत. कोल्हापूरचं पब्लिक असल्या खेळाला खुर्च्या फेकतं. त्या दिवशी सगळी माणसं गप्प उभी होती. अठरा मिनिटं काढायची होती.

इंगवले सर माझ्याकडे आले. “हे काय चाललंय? साळोखेला सांगा खेळायला.”

“सर, खेळले तर तो उठायला जाईल.”

मला तेव्हा एकदम उमगलं, की मी बसवलेल्या कलमातच वाट आहे. मैदानात असलेला खेळाडू मोजायचा. तो उभा आहे की बसला आहे असं मी कुठे लिहिलेलं नव्हतं. मी धावतच, खरंच धावत, दुसऱ्या बाजूला हत्तरगी सरांकडे गेलो. ते रेषेवर उभे होते, शिट्टी मुठीत धरून.

“सर, त्याला बसू दे. नियमात बसतं ते. तो आत आहे तोवर तुम्ही सात आहात. पंधरा मिनिटं फक्त. आमची पोरं काही करणार नाहीत.”

“दिसतंय मला.”

“तुमचा संघ वाचतोय, सर.”

ते बारदेसकरकडे बघत होते. तो आमच्यापासून वीस फुटांवर बसला होता. मोज्याच्या वर घोटा कणकेच्या गोळ्यासारखा फुगला होता. थंडीत त्याच्या तोंडावरून घामाच्या धारा वाहत होत्या. आमच्याकडे बघून तो हसायचा प्रयत्न करत होता.

“सर, हाय मी,” तो ओरडून म्हणाला. “बसून हाय. काय न्हाई झालेलं.”

“ऑल्विन, हलवून दाखव पाऊल,” सर म्हणाले.

त्याने दोन्ही हातांनी घोटा झाकला.

“हलवून दाखव म्हणतोय.”

“मग हलवतो, सर. मॅच झाल्यावर.”

हत्तरगी सर माझ्याकडे वळले. मघाशी डबा उघडा असताना बघितलं होतं तसंच बघितलं, पण या वेळी बोलले.

“बोंद्रे, सव्वीस वर्षं मी ह्या पोरांना सांगत आलोय, दुखलं की बसा. एका सामन्यापायी न्हाई काय व्हत. आता त्याला काय सांगू? संघ वाचतोय, घे पाय मोडून?”

“पंधरा मिनिटं, सर.”

“नियम तुमचा बरोबर असंल. पाय त्याचा हाय.”

आणि ते रेषा ओलांडून आत गेले. परवानगीशिवाय मैदानात गेल्याबद्दल रेफरीने शिट्टी वाजवली. सर थांबले नाहीत. बारदेसकर हातांनी मागे सरकू लागला. “नको, सर. सर, नको. आपण बाद होऊ ओ साखळीतनं. सर, नको.” सरांनी खाली बसून त्याच्या बुटाची नाडी सोडली. मग त्याला काखेत धरून उभा केला. त्यांच्यापेक्षा तो फूटभर उंच होता. दोघं लंगडत रेषेकडे येऊ लागले. अर्ध्या वाटेत साळोखे आला आणि त्याने दुसऱ्या बाजूने हात दिला.

रेषेच्या बाहेर पाऊल पडलं तसा रेफरीने सामना संपवला. पोरगा सरांच्या खांद्यात तोंड घालून रडत होता. चार हजार माणसं जागची हलली नाहीत.

आमच्या डॉक्टरांनी घोटा बघितला. हाड मोडलं होतं. आणखी भार पडला असता तर कायमचा अधू झाला असता, असं ते म्हणाले. सर मग माझ्या खोलीत सही करायला आले. मी वही उघडली, पण पेन हातात धरून तसाच बसलो.

“लिहा की,” ते म्हणाले. “आंबेखोल, गैरहजर, दोन.”

“सर, मी समितीत बोलतो. हे कलम मीच घातलंय, मीच काढून टाकतो.”

“काढा. पुढच्यांना बरं पडंल.” त्यांनी स्वतः पेन घेऊन सही केली. नंतर शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि विचारलं, “आंबेखोलकडची शेवटची गाडी कितीला हाय, ठाऊक हाय काय?”

मला ठाऊक नव्हतं. त्यांना साळोखे स्वतः स्टँडवर सोडायला गेला. पोरांना आधी एका हॉटेलात जेवायला घातलं, पैसे आमच्या अकरा जणांनी काढले. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच दिवशी माझ्या टेबलावर एक कागद आला, त्यावर अकरा सह्या. पाहुण्यांची गाडी आणि जेवण डब्यातून आधी निघाल्याशिवाय आम्ही मैदानात उतरणार नाही, एवढंच लिहिलं होतं. मी तो इंगवले सरांपुढे ठेवला. सगळ्या शहराने तो सामना घरात बसून बघितलेला होता. चिडायची सोय राहिली नव्हती.

“पुढच्या वर्षीपासून पहिल्यासारखं करा,” ते म्हणाले. “तुमचं ते गणित काही बरं दिसत नाही.”

गणित आता एकट्या माझं झालं. होतंच माझं.

पुढच्या जूनमध्ये सभा झाली. फळ्यावर मी पुन्हा उभा राहिलो. गाडी आणि जेवण आधी, उरलेल्याचे सारखे वाटे, गैरहजेरीचं कलम रद्द. सगळे हात वर गेले. आंबेखोलला मी आधीच पत्र लिहिलं होतं, तुमची जागा तशीच आहे, या. उत्तर त्यांच्या प्राचार्यांच्या सहीचं आलं. मैदानावर संगणक विभागाच्या इमारतीचं काम सुरू झालं असून क्रीडाशिक्षक श्री. हत्तरगी यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली आहे. मी ते पत्र सभेत वाचून दाखवलं. कुणीतरी “अरेरे” म्हणालं आणि चहा आला.

तो हंगाम चांगला गेला. चॅनेलचे आणि गेटचे मिळून, गाड्या-जेवणं वजा जाता, तीन लाख बावीस हजार शिल्लक राहिले. मार्चमध्ये मी चेक लिहिले. प्रत्येकी शेहेचाळीस हजार. इचलकरंजीचे प्रतिनिधी चेक बघून खूश झाले.

“बोंद्रे सर, सारखे वाटे करूनही एवढे? आम्हाला वाटलं चाळीसच्या आसपास येतील.”

“आठात चाळीसच आले असते,” मी म्हणालो. “या वर्षी सातनं भागलंय.”

त्यांनी मान डोलावली, चेकची घडी करून खिशात ठेवली आणि सही केली. मग पुढच्याने केली. शेवटी खजिनदार म्हणून मीही केली.